चावडीएवढं जोतं

बोरखडी हे गाव वर्षातले सहा महिने म्हाताऱ्यांच्या हवाली असतं. दसरा-दिवाळी उरकली की मुकादमाचा ट्रक येऊन पाराजवळ उभा राहतो. हातात कोयता धरता येतो अशी सगळी गडीमाणसं आणि बायका बोचकी, भांडी, कोंबड्या, कडेवरची लेकरं घेऊन त्यात चढतात आणि साखर कारखान्यांच्या मुलखाला ऊस तोडायला निघून जातात. ती परततात वैशाखात. तोवर गावात उरतात म्हातारी माणसं, कुत्री आणि सरपंच. सरपंचाला काही ऊस तोडायचा नसतो.

तालुक्याच्या भूमपासून दोन कोसांवरचं हे गाव. बाहत्तरच्या दुष्काळात विहिरी आटल्या त्या पुन्हा कधी मनापासून भरल्याच नाहीत. एखादं साल बरं जायचं, की पुढचं तोंड फिरवायचं. मग कोयता नाही तर काय करणार माणसं? कुणाला हौस असते का आई-बापाला भाकरीच्या टोपल्याशेजारी ठेवून जायची?

एक्क्याऐंशीच्या हिवाळ्यात गुंडप्पा नावाचा म्हातारा घरात एकटा मेला. लेक-सून कारखान्यावर, दार आतून लावलेलं. शेळी दावणीला ओरडत होती, तर शेजारच्या सरुबाईला वाटलं, म्हाताऱ्यानं धार काढायचा कंटाळा केला असेल. शेळीचं ओरडणं दुसऱ्या दिवशीही थांबेना, तेव्हा ती काठी टेकत गेली. पुढचं सांगण्यासारखं नाही. लेक परत आला तो नुसतं थडगं बघायला.

मग गावाला जाग आली. बैल गेला आणि झोपा केला, ही आपली जुनीच रीत. पण केला, हेही थोडं नव्हतं.

वैशाखात ऊसतोडीची माणसं परत आल्यावर चावडीवर ग्रामसभा बसली. ग्रामसेवक अंबादास भाऊसाहेब, तुळजापूरकडचा, नाकासमोर चालणारा माणूस. त्यानं उभं राहून सांगितलं, की गावात एक समाजमंदिर बांधायचं तालुक्यानं मनावर घेतलंय. एक मोठी खोली, एक चूल. पोरं ऊसतोडीला गेली की म्हाताऱ्यांनी दिवसभर तिथं बसायचं, दुपारचं ताजं जेवण तिथंच, आणि आठवड्यातून एकदा नर्सबाई येऊन बघून जाईल. एखादा म्हातारा आला नाही तर त्याच्या घरी माणूस जाऊन बघेल. दार वाजवायला कुणीतरी असेल, एवढीच ती गोष्ट.

गुंडप्पाचा लेक मान खाली घालून बसला होता.

"जागा दोन्ही वस्त्यांच्या मधली घेऊ," भाऊसाहेब म्हणाला. "जोतं दोन फुटांचं. म्हातारी माणसं येणार, जास्त चढ नको."

तेव्हा आबाराव उठला.

आबाराव म्हणजे बुद्धवस्तीतला. पंचायतीतल्या राखीव जागेवर चार वर्षं मेंबर, पण सभेत त्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता. हात वर करा म्हटलं की करायचा, खाली करा म्हटलं की खाली. बाहत्तरच्या दुष्काळी कामावर खडी फोडून त्याचे पंजे फावड्यासारखे रुंद झालेले. मेंबर झाल्यापासून त्याला चावडीवर वर बसायचा हक्क होता आणि कुणी नको म्हणत नव्हतं. तरी तो बसायचा ओट्याच्या कडेला, पाय खाली सोडून. एखादा माणूस कधीही उठून जायच्या बेतात असावा तसा.

"जोतं चावडीएवढं पायजे," आबाराव म्हणाला. "बोटभर बी कमी न्हाय."

चावडीचं जोतं माणसाच्या छातीला लागतं. सरपंच तात्याराव हसला. "आबा, म्हातारी चढत्याल का वर?"

"चढत्याल. आमी पाझर तलावाची माती डोक्यावर घिऊन चढलो, ह्या चार पायऱ्या काय घिऊन बसलाव."

भाऊसाहेबानं कागद पुढं करून नकाशा दाखवला, पण आता कोण बघतंय? बुद्धवस्तीतली पोरं टाळ्या पिटायला लागली. वरच्या आळीतल्यांनाही वाटलं, गावाची इमारत आहे, बुटकी कशाला? सोसायटीचं गोदामसुद्धा उंचावर आहे. आणि तात्यारावाच्या मनात आलं, की उंच इमारतीवरची पाटी सडकेवरनं दिसेल. सभेत एकदा इज्जतीची गोष्ट निघाली की अक्कल मागच्या मागं उठून घरी जाते. ठराव झाला. जादा मुरूम गावानं श्रमदानातून टाकायचा.

आता आबाराव असा का अडला, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. पण आपल्याला ठाऊक असलेलं बरं.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. त्याचा लेक व्यंकट तान्हा होता. चैत्रातल्या एका दुपारी आबाराव डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन चावडीवरनं चालला होता, आणि बघतो तर त्याची बायको चांगुणा लेकराला पोटाशी धरून चावडीच्या दुसऱ्या पायरीवर बसलेली. तो काही बोलायच्या आत पाटलाचा गडी धावत आला. त्यानं तिला तिथनं उठवलं. कसं उठवलं, ते जाऊ द्या. मग घागर आणून तिच्या डोळ्यांदेखत ती पायरी धुतली. आणि आबाराव भारा डोक्यावर घेऊन तसाच उभा राहिला. खाली टाकावा हेसुद्धा त्याला सुचलं नाही.

पुढं राज्य गेलं, पाटील गेला. छप्पनानंतर आबारावानं घरातले जुने देव काढले, दीक्षा घेतली, लेकाला चार यत्ता शिकवलं. पण ती धुतलेली पायरी काही त्याच्या डोळ्यांपुढनं हलली नाही. त्यावर नवरा-बायकोत एक शब्दही कधी झाला नाही. काय बोलणार? त्यानं मनात एवढंच धरलं होतं, की मरायच्या आधी चांगुणेला उंचावर बसवीन. सगळ्या गावादेखत, वर.

इमारतीला दीड वर्ष लागलं. कधी सिमेंटचं परमिट अडलं, तर कधी गवंडी ऊसतोडीला गेला. घोडं कुठं ना कुठं पेंड खायचंच. पायऱ्यांचे दगड मात्र आबारावानं स्वतः घडवले. पुढं जागा कमी, म्हणून पायऱ्या उभ्याच आल्या, एकेक गुडघ्याएवढी. कठडा पुढच्या साली बघू म्हणून राहिला. एका खोलीपुढं तो सगळा दगडी डौल, नाकापेक्षा मोती जड. पण आबारावाला विचाराल तर अशी देखणी वस्तू त्यानं जन्मात पाहिली नव्हती.

त्र्याऐंशीच्या दसऱ्याला उद्घाटन झालं. पताका, हलगी, तालुक्याचे साहेब. गावातली यच्चयावत म्हातारी माणसं वर नेली. आणि कशी नेली, तर पोरांच्या हातांवर. कुणी आईला पाठुंगळी घेतलं, कुणी बापाला दोघांनी मिळून उचललं. व्यंकटनं चांगुणेला कडेवर घेतल्यागत वर नेऊन सतरंजीवर बसवलं, अगदी पुढं. तिच्या गुडघ्यांत तेव्हा वात भरलेला, डोळ्यांत सारा येऊन नजर अंधुक झालेली. ती पदर सावरून बसली आणि हळूच म्हणाली, "वारं लई छान लागतंय हितं."

आबाराव खाली उभा होता. त्यानं उपरण्यानं डोळे पुसले. पस्तीस वर्षांचा भारा उतरला म्हणायचं.

पायऱ्या उंच झाल्या हे त्या दिवशी कुणाच्या ध्यानातच आलं नाही. कसं येणार? चढायला लागलं कुणाला?

दिवाळी झाली. ट्रक आला. जाताना व्यंकटनं आईचे पाय शिवले आणि बापाला म्हणाला, "बाबा, औंदा घोर न्हाय. तुमी लई मोठं काम केलंत." पोरगा पहिल्यांदाच निर्धास्त मनानं ट्रकात चढला. सून मात्र मागं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुमनबाईनं वर चूल पेटवली. ही गावातलीच विधवा बाई, स्वयंपाकाला नेमलेली. वरण-भाताचा वास खाली आला. म्हातारी माणसं काठ्या टेकत पायऱ्यांपाशी जमली, आणि जमली ती तिथंच थांबली. वर बघायला लागली. जणू देवीचा डोंगर.

पुरुषांतले चार-सहा जण हातापायांवर रांगत चढले. बायकांतल्या बऱ्याच जणींनी पहिली पायरी हातानं चाचपून बघितली आणि तिथंच बसल्या. सरुबाई ही सरपंचाची सख्खी चुलती. ती म्हणाली, "ही कुणाची अक्कल म्हणायची?" आबारावानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"चल," तो चांगुणेला म्हणाला.

"अवो, न्हाय व्हायचं माझ्यानं."

"व्हतंय. म्या धरतो. तुझ्यासाठीच हाय ही."

तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि चढायला लागली. एक हात त्याच्या खांद्यावर, एक दगडावर. तिसऱ्या पायरीला गुडघा वाजला तो त्याला ऐकू आला. वर पोचेपर्यंत तिचं लुगडं घामानं भिजलं होतं. पानावर बसली, पण घास गिळेना. आणि जेवण झाल्यावर खरी कुतरओढ. चढताना दगड दिसतो, उतरताना खड्डा दिसतो. शेवटी ती बूड टेकत, एकेक पायरी घसरत खाली आली. लहान लेकरं उतरतात तशी. खाली आल्यावर लुगडं झटकलं आणि म्हणाली, "उद्यापास्नं म्या घरीच बरी."

आता नेम असा होता, की जेवण जागेवरच करायचं, घरी न्यायचं नाही. नेमही काही वाईट नव्हता, म्हाताऱ्यांचं अन्न दुसऱ्याच्याच पोटात जाऊ नये म्हणून केलेला. पण त्यापायी चांगुणेच्या वाट्याला पत्र्याच्या खोलीत एकटीनं बसणं आणि सकाळची शिळी भाकरी आली. आबाराव रोज वर जायचा आणि आपल्या ताटातली चपाती उपरण्याच्या टोकात बांधून आणायचा. सुमनबाई ते बघायची आणि चुलीकडं तोंड फिरवायची. नर्सबाईसुद्धा आठवड्याला यायची, वर चढलेल्यांना तपासून जायची. वर चढायची ताकद ज्यांच्यात आहे, त्यांनाच औषध.

मार्गशीर्षात आबाराव पंचायतीच्या बैठकीत दुसऱ्यांदा बोलला. हे बोलणं पहिल्यापेक्षा जड होतं. ज्यानं पायऱ्या मागितल्या, त्यानंच उतरण मागायची.

"मुरमाची एक उतरण घालू," तो खाली बघत म्हणाला. "गोदामाला गाड्या चढाया असती तशी. बायांना चढता येत न्हाय."

कुणीतरी तोंडावर हात धरून हसलं. अंबादास भाऊसाहेब हसला नाही. तो नुसता म्हणाला, "आबा, हे आता मंजुरीत नाही."

तात्याराव मोठ्या मनाचा माणूस, दुसऱ्याच्या श्रमानं होणाऱ्या कामाला त्यानं कधी नाही म्हटलं नाही. "घालू की. आत्ता मुरूम टाकाया गडी कुठं हायती? वैशाखात पोरं आली की दोन दिवसांचं काम हाय."

आबाराव घरी येताना ते मनात घोळवत राहिला आणि घराच्या दाराशी थांबला. पोरं असली की उतरण लागत नाही, आणि उतरण लागते तेव्हा पोरं नसतात. वैशाखात पोरं आया उचलतील आणि म्हणतील, कशाला पायजे उतरण? त्याला एकाएकी फार दमल्यासारखं झालं. त्यानं स्वतः दोन दिवस मुरमाच्या पाट्या वाहून बघितल्या. तिसऱ्या दिवशी छातीत कळ आली, तेव्हा चांगुणेनं पाटी ओढून घेतली आणि तिच्यावर बसून राहिली.

माघात वर जाणारी माणसं पाच उरली. खोली मोकळीच असते म्हणून सोसायटीच्या खताची पोती तिथं ठेवायची टूम निघाली. थोडेच दिवस, तात्याराव म्हणाला. हमाल भूमवरनं आले आणि पोती पाठीवरनं वर गेली. बसायला चुलीजवळची जागा राहिली. खताचा वास अन्नाला लागायचा. आबाराव मेंबर होता, त्याला विचारलं गेलं होतं. त्यानं हात वर केला होता. का केला, त्यालाही सांगता आलं नसतं. माणूस थकला की हात आपोआप वर जातो.

फाल्गुनात होळी झाली आणि उन्हं एकदम तापली. एका दुपारी आबाराव उपरण्यात चपाती घेऊन घरी आला, तर दार सताड उघडं आणि आत चांगुणा नाही.

त्यानं हाक मारली. परसात बघितलं. न्हाणीत बघितलं. गुंडप्पाची शेळी त्याच्या कानात ओरडायला लागली. ज्या बाईला दोन पायऱ्या चढवत नाहीत, ती जाईल कुठं? तो वस्तीतनं धावत निघाला. पासष्टीतला माणूस धावतो म्हणजे काय, काठीच पुढं धावते. विहिरीकडं जायला समाजमंदिराच्या मागनंच वाट. तिथं आला आणि थबकला.

इमारतीच्या मागच्या अंगाला जोत्याची गार, लांब सावली पडली होती. छातीएवढं जोतं, वर खोलीची भिंत, सावलीला काय तोटा? जोत्याच्या दगडाला पाठ टेकून चांगुणा पाय पसरून बसली होती. शेजारी सरपंचाची चुलती सरुबाई. दोघींच्या मध्ये पाण्याचा तांब्या.

"सरुबाईंनी हात धरला, आले हळूहळू भिंती धरत," चांगुणा म्हणाली. "पत्र्याखाली जीव ऱ्हाईना."

जीवात जीव आला तसा आबारावाला राग आला. "हितं खाली मातीत काहून बसलीस? लोकं काय म्हणत्याल? एवढी इमारत बांधली, आन आबारावाची बायकू पुन्हा पायऱ्यांखालीच."

"पुन्हा?" चांगुणेनं मान वर केली. "कवा बसले व्हते म्या पायऱ्यांखाली?"

सरुबाई समोरच होती, तीही पाटलाच्याच वरच्या आळीतली. पण आता तोंडातनं निघून गेलं होतं. आबारावानं काठी दोन्ही हातांत घट्ट धरली. "चावडीची पायरी धुतली त्या दिवशी," तो म्हणाला. "व्यंकट तान्हा व्हता. म्या भारा घिऊन हुबा व्हतो. तुला उठिवलं तितनं. तवापास्नं मनात हाय माझ्या, की तुला वर बसवावं. चावडीएवढ्या उंचावर. म्हणून मागितलं जोतं."

सरुबाईनं तांब्या उचलून उगाच पलीकडं ठेवला.

"म्हणून व्हय," चांगुणा म्हणाली. "आन म्या समजत व्हते, तुमचा मेंबरकीचा हट्ट हाय." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "राग मला बी हाय त्या दिसाचा. मरंस्तवर ऱ्हाईल. पर मला वर बसायचं नव्हतं वो. लेकराच्या टाळूवर ऊन लागत व्हतं. गावात तेवढ्या एका पायरीवर सावली व्हती."

आबाराव उभाच होता.

"तो पायरी धूत व्हता, ते तुमी बघितलंत," ती म्हणाली. "म्या न्हाय बघितलं. म्या लेकराकडं बघत व्हते."

वर सुमनबाई भांडी घासत होती, त्याचा आवाज येत होता. आबारावानं जोत्याकडं बघितलं. एकेक दगड त्याच्या ओळखीचा होता. हाताची बोटं फुटेपर्यंत घडवलेला. पस्तीस वर्षं तो एका पायरीकडं बघत राहिला होता, आणि बायकोनं मागितली होती सावली. ती तर एखाद्या छपरानंही मिळाली असती, कधीच.

तो वळला आणि पायऱ्या चढून वर गेला. सुमनबाईला म्हणाला, "बाई, उद्यापास्नं ताटं मागल्या अंगाला सावलीत द्या. खाली."

"नेम जागेवर जेवायचा हाय, आबा."

"जागा तीच हाय. जोतं काय दुसऱ्या गावाला गेलंय?"

सुमनबाईनं हात पुसले, खताच्या पोत्यांकडं एकदा बघितलं आणि तळाला राहिलेला भात ताटात काढून दिला. ते ताट घेऊन पायऱ्या उतरताना आबाराव पहिल्यांदाच बसून उतरला, बूड टेकत, एकेक पायरी.

ताट त्यानं दोघींच्या मध्ये ठेवलं, उपरण्यातली चपाती सोडून वर ठेवली आणि चांगुणेच्या शेजारी मातीत बसला. सरुबाईनं हात आखडता घेतला. आजवर बुद्धवस्तीतल्या माणसाच्या हातचं ताट तिनं शिवलं नव्हतं. तिनं ताटाकडं बघितलं, रिकाम्या वाटेकडं बघितलं. मग चपातीचा तुकडा मोडला.

"ऊन सरकलं," थोड्या वेळानं चांगुणा म्हणाली. तिघंही दगडाला हात लावून सावलीकडं सरकली.